धम्मयात्रा, कंबोडियातील

कंबोडियातील बौद्ध भिक्षू, व्रतस्थ स्त्रिया व उपासक यांनी १९९२ पासून युद्धग्रस्त प्रदेशांतून काढलेल्या शांतिपदयात्रा. ख्मेर भाषेतील हा शब्द ‘धम्म’ (धर्म) व ‘यात्रा’ या मूळ भारतीय शब्दांपासूनच बनला आहे. दीर्घकालीन यादवी युद्ध व नरसंहार यांनी उद्ध्वस्त झालेल्या समाजात मैत्री व करुणा यांची साधना विहाराबाहेर, प्रत्यक्ष संकटस्थानी आचरावी, हा या यात्रांचा हेतू होता. आपत्काळात साधकाने जगापासून निवृत्त व्हावे, की दुःखितांच्या सन्निध राहावे, या बौद्ध परंपरेतील जुन्या प्रश्नाचे एक आधुनिक उत्तर म्हणून त्यांना महत्त्व आहे.

तात्त्विक अधिष्ठान : पाली ग्रंथांत ‘सति’ (संस्कृत स्मृती) म्हणजे चालू क्षणी शरीर, वेदना, चित्त व धर्म यांविषयी असणारी जागरूकता. तिच्या अभ्यासास ‘सतिपट्ठान’ म्हणतात. या संज्ञेची एक फोड ‘सति’ व ‘उपट्ठान’ अशी केली जाते. ‘उपट्ठान’ या पदाचे उपस्थित असणे आणि परिचर्या करणे असे दोन अर्थ आहेत. रुग्णाच्या शुश्रूषेलाही विनयपिटकात हेच पद योजिलेले आहे. अतिसाराने ग्रस्त झालेला एक भिक्षू एकटाच पडून असल्याचे पाहून बुद्धाने आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः स्वच्छ केले आणि ज्याला आपली सेवा करावयाची असेल, त्याने रुग्णाची सेवा करावी, असा भिक्षुसंघास उपदेश केला, अशी कथा महावग्गात आहे. चित्ताची उपस्थिती व दुःखिताजवळची उपस्थिती या दोन गोष्टी परस्परांहून वेगळ्या नाहीत, असा बोध त्यातून होतो.

चालणे हीसुद्धा बौद्ध साधनाच आहे. उभे राहणे, चालणे, बसणे व निजणे या चारही ‘ईर्यापथां’मध्ये साधकाने जागरूक असावे, असे सतिपट्ठानसुत्तात सांगितले आहे. विहारांतून चंक्रमणासाठी म्हणजे येरझारा घालण्यासाठी स्वतंत्र जागा राखण्याचा प्रघातही प्राचीन आहे. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार ब्रह्मविहारांची भावना सर्व दिशांना पसरवावयाची असते. तिच्या कक्षेतून शत्रूही वगळावयाचा नसतो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात युद्धाचा प्रसंग आला असता बुद्ध दोन्ही सैन्यांमध्ये जाऊन उभा राहिला, ही अट्ठकथांतील हकीकत धम्मयात्रेच्या प्रवर्तकांनी आदर्श मानली. भिक्षूने सबळ कारणाविना युद्धसज्ज सैन्य पाहण्यास जाऊ नये आणि कारणपरत्वे गेल्यास दोन-तीन रात्रींहून अधिक काळ सैन्यात राहू नये, असे विनयाचे नियम आहेत. त्यामुळे युद्धभूमीवर जाणाऱ्या भिक्षूच्या बाबतीत तो कोणत्या हेतूने जातो, या प्रश्नास विशेष महत्त्व येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कंबोडियातील बहुसंख्य समाज थेरवादी बौद्ध असून महानिकाय व धम्मयुत्तिक निकाय असे संघाचे दोन प्रमुख निकाय आहेत. यांपैकी दुसरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सयाममधून आला. विहार हे केवळ पूजास्थान नव्हते. गावची शाळा, वाटसरूंची धर्मशाळा, वृद्धांचा आश्रय व तंटे मिटविण्याची जागा अशी अनेक कार्ये तेथे चालत. बहुतेक मुलगे आयुष्यात एकदा तरी काही काळ चीवर धारण करीत. नॉमपेन येथे १९३० मध्ये स्थापन झालेल्या बौद्ध संस्थेने त्रिपिटकाचा ख्मेर अनुवाद हाती घेतला. ११० खंडांचे हे कार्य १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाले. शब्दकोशकार व संघराज चुओन नाथ यांचे १९६९ मध्ये निधन झाले. त्या वेळी संघाची विद्वत्ता व लोकमान्यता उच्च कोटीची होती.

मार्च १९७० मध्ये नरोद्दम सिहानूक यांना पदच्युत करण्यात आले आणि देश यादवी युद्धात ओढला गेला. अमेरिकेच्या बाँबवर्षावाने ग्रामीण भाग उजाड झाला. अनेक विहारही उद्ध्वस्त झाले. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूझच्या सैन्याने नॉमपेन जिंकून घेतले. पुढील तीन वर्षे आठ महिन्यांच्या राजवटीत उपासमार, सक्तीची मजुरी, रोगराई व हत्या यांमुळे सु. १७ लाख लोक मृत्यू पावले. देशाची लोकसंख्या त्यापूर्वी पाऊण कोटीच्या आसपास होती, हे ध्यानी घेतले असता या संहाराची व्याप्ती लक्षात येते. १९७६ च्या संविधानाने धर्मस्वातंत्र्याचा नाममात्र उल्लेख करून ‘प्रतिगामी’ धर्मांवर बंदी घातली. संघराज हुओत तात यांना ठार करण्यात आले. भिक्षूंना चीवरे उतरावयास लावून शेतांवर व कालव्यांच्या कामांवर धाडण्यात आले. विहारांचा उपयोग कोठारे, डुकरांचे गोठे, तुरुंग व वधस्थाने म्हणून होऊ लागला. ग्रंथसंग्रह नष्ट झाले.

या काळात बाह्य उपासना अशक्य झाली. परंतु साधना सर्वस्वी लुप्त झाली नाही. ओठ न हलविता मनातल्या मनात त्रिशरण म्हणणे, मृताच्या देहाजवळ क्षणभर हात जोडणे, बुद्धमूर्ती मातीत अथवा तळ्यात दडविणे, अशा आठवणी त्या राजवटीतून वाचलेल्यांनी पुढे सांगितल्या आहेत. मृतांवर विधिपूर्वक अंत्यसंस्कार करता आले नाहीत, ही खंत मात्र जवळजवळ प्रत्येक कुटुंबात उरली. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पाळल्या जाणाऱ्या ‘फ्चुम बेन’ या पंधरा दिवसांच्या पितृपर्वाला त्यामुळे नंतरच्या काळात विशेष अर्थ प्राप्त झाला. भारतातील पितृपक्ष व हे पर्व यांचा काळ एकच आहे. या पर्वात विहारांत भाताचे पिंड व अन्न अर्पण करून त्याचे पुण्य मृतांना, विशेषतः ज्यांचे कोणी उरले नाही अशा प्रेतात्म्यांना, प्रदान करतात. ज्यांच्या मृत्यूचे ठिकाण व तिथीही ठाऊक नाही अशा आप्तांसाठी हाच एकमेव संस्कार उरला होता.

७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने नॉमपेन घेतल्यावर धार्मिक जीवनाचे मर्यादित पुनरुज्जीवन सुरू झाले. सप्टेंबर १९७९ मध्ये व्हिएतनाममधून आलेल्या थेरवादी भिक्षूंच्या उपस्थितीत वाट उण्णालोम येथे सात माजी भिक्षूंना पुन्हा उपसंपदा देण्यात आली. निकायभेद रद्द करून एकच संघ मानण्यात आला. तथापि पन्नास वर्षांखालील पुरुषांना प्रव्रज्या घेण्यास मनाई होती. हे निर्बंध १९८८-८९ च्या सुमारास उठले. १९८९ मध्ये बौद्ध धर्मास पुन्हा राज्यधर्माचे स्थान मिळाले व १९९३ च्या संविधानात ते कायम झाले. या धोरणामुळे ग्रंथ व विधी जाणणारी मधली पिढीच संघात उरली नाही. वृद्ध भिक्षू व कोवळे श्रामणेर एवढेच शिल्लक राहिले. या उणिवेचे परिणाम दीर्घकाळ टिकले.

महाघोषानंद : धम्मयात्रेचे प्रवर्तक महाघोषानंद (मृत्यू १२ मार्च २००७) यांचा जन्म विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ताकेओ प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात झाला. बालपणीच विहारात प्रविष्ट होऊन त्यांनी कंबोडियात व नंतर बिहारमधील नालंदा येथे उच्च अध्ययन केले. निप्पोनझान म्योहोजी या जपानी पंथाचे संस्थापक निचिदात्सु फूजी (१८८५–१९८५) यांच्या सहवासात त्यांना शांतिकार्याची दीक्षा मिळाली. फूजी यांनी १९३३ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींची भेट घेतली होती आणि अहिंसेच्या विचाराचा त्यांच्यावर खोल ठसा होता. नामजप करीत, पंख्याच्या आकाराचे छोटे वाद्य वाजवीत पायी चालणे हे त्या पंथाचे वैशिष्ट्य होय. अशा रीतीने पदयात्रेची कल्पना गांधीविचार व जपानी बौद्ध आचार या दोन्ही मार्गांनी महाघोषानंदांपर्यंत पोहोचली, असे म्हणता येते.

१९६५ मध्ये ते दक्षिण थायलंडमधील एका अरण्यविहारात सतिपट्ठान-साधनेसाठी गेले. मायदेशी संहार चालू असता ते तेथेच होते. त्यांचे कुटुंबीय त्यात बळी पडले. १९७८ मध्ये ते अरण्यविहार सोडून थाई सरहद्दीवरील निर्वासितांकडे गेले. ऑक्टोबर १९७९ मध्ये उघडलेल्या सा काएओ छावणीत काही दिवसांतच सु. ३०,००० लोक येऊन दाखल झाले. भुकेने व हिवतापाने खंगलेल्या या जमावात ख्मेर रूझचे सैनिक व त्यांचे बळी असे दोन्ही होते. तेथे बांबू व गवत यांची पूजाकुटी उभारून महाघोषानंदांनी पठण सुरू केले. कुटीत जाणाऱ्यास नंतर शिक्षा होईल, अशी धमकी असतानाही हजारो लोक जमले व धम्मपदातील वैरशमनाविषयीची गाथा ऐकताच रडू लागले, असा वृत्तांत प्रत्यक्षदर्शींनी दिला आहे. त्यांनी छावण्यांमधून अनेक विहार स्थापिले. १९८८ मध्ये देशाबाहेरील भिक्षूंनी त्यांची संघराज म्हणून निवड केली.

यात्रांचा इतिहास : २३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिस येथे शांतिकरार झाला. त्यानुसार संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका व्हावयाच्या होत्या आणि सरहद्दीवरील साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित परतणार होते. परंतु पेरलेले भूसुरुंग तसेच होते आणि परस्परांविषयीची भीती त्याहून अधिक होती. छावण्यांत राहिलेले व देशात राहिलेले लोक एकमेकांस शत्रुपक्षीय समजत. निर्वासितांच्या परतीस धार्मिक अधिष्ठान मिळावे म्हणून पहिली धम्मयात्रा १२ एप्रिल १९९२ रोजी, ख्मेर नववर्षाच्या आरंभी, थाई सरहद्दीवरून निघाली. आरंभी तिच्यात सु. शंभर निर्वासित होते. वाटेत गावोगावचे लोक सामील होत गेले. अनेकांना आपले हरवलेले भाऊबंद वाटेतील गर्दीत भेटले. मे महिन्यात, वैशाख पौर्णिमेच्या सुमारास, यात्रा नॉमपेन येथे पोहोचली, तेव्हा यात्रेकरूंची संख्या हजारावर गेली होती.

दुसरी यात्रा मे १९९३ मध्ये, निवडणुकीपूर्वीच्या हिंसाचाराच्या ऐन भरात, सिएम रीपहून नॉमपेनकडे गेली. निघण्यापूर्वी यात्रेकरू ज्या विहारात जमले होते, तोच ख्मेर रूझ व सरकारी सैन्य यांच्या गोळीबारात सापडला व काही जण जखमी झाले. तरीही यात्रा रद्द झाली नाही. मतदानास जाण्याची भीती कमी होण्यास तिचा हातभार लागला, असे अनेक निरीक्षकांचे मत आहे. निवडणुकीत सु. ९० टक्के मतदारांनी मतदान केले.

१९९४ ची यात्रा बाटामबाँगहून ख्मेर रूझच्या ताब्यातील पाइलिनकडे निघाली. ३० एप्रिल रोजी वाटेत चकमक होऊन एक भिक्षू व एक व्रतस्थ स्त्री ठार झाली. यात्रा मागे फिरवून अन्य मार्गाने पूर्ण करण्यात आली. या घटनेपासून संयोजकांनी धडा घेतला. सशस्त्र सैनिकांची सोबत असणे हेच संकटास निमंत्रण ठरते, हे ध्यानी घेऊन गणवेषधारी व शस्त्रधारी व्यक्तींना यात्रेपासून दूर ठेवण्याचा नियम कटाक्षाने पाळण्यात येऊ लागला. १९९५ च्या यात्रेत आउश्विट्सहून हीरोशीमाकडे निघालेले विविधधर्मीय शांतियात्री सहभागी झाले. त्या सुमारास भूसुरुंगबंदी हा प्रचाराचा मुख्य विषय होता. १९७९ नंतर कंबोडियात सुरुंगांनी व न फुटलेल्या दारूगोळ्याने सु. २०,००० लोकांचा बळी घेतला आहे. ३ डिसेंबर १९९७ रोजी कंबोडियाने ओटावा येथे सुरुंगबंदीच्या करारावर स्वाक्षरी केली. १९९६ च्या यात्रेत जंगलतोडीचा प्रश्न हाती घेऊन वाटेत झाडे लावण्यात आली. ख्मेर रूझचे नेते येंग सारी १९९६ मध्ये सरकारला मिळाल्यावर १९९७ ची यात्रा पूर्वी दुर्गम ठरलेल्या पाइलिनपर्यंत जाऊ शकली.

आचारपद्धती : यात्रेपूर्वी सहभागी लोकांना अहिंसेचे शिक्षण देण्यात येई. गोळीबार झाल्यास जमिनीवर कसे पडावे, सुरुंग असलेल्या प्रदेशात रुळलेली वाट का सोडू नये, क्रुद्ध माणसाशी कसे बोलावे, याबरोबरच श्वासाकडे लक्ष ठेवून भय कसे शमवावे, हेही शिकविले जाई. कोणत्याही पक्षाचे चिन्ह बाळगण्यास मनाई होती. उन्हाचा ताप टाळण्यासाठी यात्रा पहाटे अंधारातच निघे. अग्रभागी भिक्षू, त्यांच्यामागे ‘डोन ची’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शुभ्रवस्त्रधारी व्रतस्थ स्त्रिया व नंतर गृहस्थ उपासक अशी रांग असे. थेरवादी देशांतील भिक्षुणीपरंपरा खंडित झाल्याने डोन ची स्त्रियांना संघात औपचारिक स्थान नाही. परंतु यात्रेकरूंत वृद्ध स्त्रियांचाच भरणा मोठा होता. पती व पुत्र गमावलेल्या या स्त्रिया यात्रेचा खरा आधार होत्या.

मार्गावर ग्रामस्थ पाण्याच्या बादल्या, फुले व पेटत्या उदबत्त्या घेऊन उभे राहत. भिक्षू पठण करीत त्यांच्यावर पाणी शिंपडीत आणि उदबत्त्या पाण्यात विझवीत. युद्धाचा वणवा असाच विझावा, ही त्यामागील भावना होती. वाटेतील सैनिकही शस्त्रे खाली ठेवून आशीर्वाद घेत. दुपारी व रात्री विहारांत मुक्काम, धर्मोपदेश, सुरुंग व मानवी हक्क यांविषयी माहिती आणि मैत्रीभावना असा क्रम असे. चालताना प्रत्येक पाऊल हीच प्रार्थना मानावी, एवढीच महाघोषानंदांची शिकवण होती. त्यांच्या प्रवचनांचा स्टेप बाय स्टेप हा इंग्रजी संग्रह १९९२ च्या सुमारास प्रसिद्ध झाला.

मूल्यमापन : ‘संलग्न बौद्ध धर्म’ ही संज्ञा व्हिएतनामी भिक्षू थिच न्हात हान (१९२६–२०२२) यांनी १९६० नंतरच्या दशकात रूढ केली. बाँबवर्षाव चालू असता ध्यानगृहात बसून राहावे, की बाहेर पडून जखमींना साहाय्य करावे, या पेचातून ती निर्माण झाली आणि दोन्ही गोष्टी एकत्र, जागरूकतेने कराव्यात, असे तिचे उत्तर होते. धम्मयात्रा हे त्याच विचाराचे थेरवादी परंपरेतील एक ठळक उदाहरण होय. महाघोषानंदांना १९९२ मध्ये राफ्टो पारितोषिक व १९९८ मध्ये निवानो शांतिपारितोषिक मिळाले.

यात्रांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्यांनी युद्ध थांबविले नाही. ख्मेर रूझचा अंत १९९६ ते १९९९ या काळातील फाटाफूट, शरणागती व एप्रिल १९९८ मधील पॉल पॉटचा मृत्यू यांमुळे झाला. १९९८ च्या निवडणुकीनंतर नॉमपेनमधील निदर्शनांत भिक्षूंवरही बळाचा वापर झाला आणि संघाने राजकारणापासून किती दूर राहावे, हा वाद पुन्हा उद्‌भवला. संघाच्या उच्चपदस्थांत या यात्रांविषयी एकमत नव्हते.

क्षमा व न्याय यांच्या संबंधाचा प्रश्न याहून अवघड आहे. अपराध्याविषयीही मैत्रीभाव ठेवावा, या उपदेशामुळे अपराधास शिक्षाच होऊ नये असे अनुमान निघते काय, असा आक्षेप घेण्यात आला. समेट म्हणजे आपले हक्क सोडून देणे नव्हे, तर ते मागतानाही द्वेषास थारा न देणे, अशी महाघोषानंदांची भूमिका होती. कर्मसिद्धांताचा आधार घेऊन काही वाचलेले लोक शिक्षेचा विचार पुढील जन्मांवर सोपवितात. इतरांना ते पुरेसे वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने २००६ पासून काम सुरू केलेल्या विशेष न्यायालयाने केवळ तिघांना दोषी ठरविले आणि २२ सप्टेंबर २०२२ रोजी शेवटच्या अपिलाचा निर्णय दिला. त्याच काळात मानसोपचाराच्या क्षेत्रात एक उपयुक्त संयोग घडून आला. वाचलेल्या व्यक्तीने समुपदेशकाच्या मदतीने आपली हकीकत लिहून काढावी, ती विहारात भिक्षू व आप्तेष्ट यांच्यासमोर वाचली जावी आणि मृतांना पुण्यप्रदान व्हावे, अशी उपचारपद्धती योजण्यात आली. दुःखाचा उच्चार, त्यास साक्षीदार आणि मृतांप्रती उरलेले कर्तव्य या तिन्ही गोष्टी तीत एकत्र येतात.

विहारांची पुनर्बांधणी झपाट्याने झाली व भिक्षूंची संख्या विसाव्या शतकाच्या अखेरीस पन्नास हजारांच्या घरात गेली. बौद्ध संस्था १९९२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तथापि संघाची लोकमान्यता केवळ वास्तूंमुळे परत आली नाही. ज्या रस्त्यांवरून चालण्यास सामान्य माणूस धजत नव्हता, त्या रस्त्यांवरून निःशस्त्र भिक्षू व वृद्ध स्त्रिया चालत गेल्या, ही स्मृती त्या विश्वासाच्या मुळाशी आहे. [⟶ कंबोडिया, थेरवाद, बौद्ध धर्म].